माशीच्या डोळ्यातलं घड्याळ

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



मेळाव्याचं निमंत्रण देताना फोनवर मला सांगण्यात आलं, "तू कॉम्प्युटरमधली, तेव्हा कॉम्प्युटरवर काहीतरी बोल." मी म्हटलं, कॉम्प्युटरवर तर आता घरातली चौथीतली पोरंही बोलतात. मी माशीवर बोलते. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग विचारणा झाली, "किती मिनिटं लागतील?" वीस मिनिटं मिळाली आहेत. तेवढ्यात बसवते.

आधी माशी कोणती ते सांगते, कारण इथे निम्मे लोक शेतकरी आहेत. फळमाशी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पेरू, आंबा, कारली-दोडक्याला डंख मारणारी माशी येते, जिच्यासाठी आपण कामगंध सापळे लावतो. ती ही नव्हे. मी बोलतेय ते केळी जास्त पिकली की टोपलीवर घोंघावणाऱ्या बारीक लाल डोळ्यांच्या माशीबद्दल. आपण तिला चिलट म्हणून हाताने हाकलतो. लांबी तीन मिलिमीटर. शास्त्रज्ञ तिला ड्रोसोफिला म्हणतात. या ग्रीक नावाचा अर्थ मोठा छान आहे, दवावर प्रेम करणारी. हे नाव किती नेमकं आहे ते पुढे कळेल.

आता मी इंजिनियर, माझा हिचा संबंध कसा आला? माझा भाऊ इथेच शेती करतो, तुमच्यापैकी बरेच जण त्याला ओळखता. त्याची मुलगी पुण्यात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. एका रविवारी तिचा फोन आला, "आत्या, माझ्याकडे लाखभर आकडे पडलेत, त्याचा आलेख काढून दे." आकडे कसले, तर माश्यांच्या हालचालींचे. काचेची पेनाच्या रिफिलपेक्षा थोडी जाड नळी, एका टोकाला खाऊ, दुसऱ्या टोकाला कापसाचा बोळा, आणि मध्ये एकटी माशी. नळीच्या मधोमध अवरक्त किरण आरपार जातो, जो माशीला दिसत नाही. माशी इकडून तिकडे गेली की किरण तुटतो आणि यंत्र एक आकडा वाढवतं. अशा बत्तीस नळ्या एका यंत्रात, आणि दर पाच मिनिटांना एक नोंद. बारा तास दिवा, बारा तास अंधार, तापमान कायम २५ अंश.

मी संध्याकाळी बसून छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि आलेख काढला. त्यात दोन उंचवटे दिसले. एक सकाळचा, एक संध्याकाळचा. दुपारी मध्ये सपाट. भाची म्हणाली, "आत्या, दुपारी त्या झोपतात." म्हणजे वामकुक्षी आपल्याकडचीच खासियत नाही म्हणायची. पण मला खरं अडवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. दिवा लागायचा सकाळी सातला. उंचवटा मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चढत होता. बंद पेटीत, ठार अंधारात, तापमान जरासुद्धा न बदलता, माश्यांना सकाळ होणार हे कळत होतं.

आमच्या धंद्यात काम सुरू करायच्या दोन पद्धती आहेत. एक, काहीतरी घडलं की त्यावर उठायचं. दाराची बेल वाजली की दार उघडायचं, तसं. दुसरी, वेळापत्रक लावून ठेवायचं, की पहाटे साडेतीनला हे काम आपोआप सुरू होईल. दुसऱ्या पद्धतीला आतमध्ये घड्याळ लागतं. त्या आलेखात मला दुसरी पद्धत दिसली. माशी दिव्याला उत्तर देत नव्हती, ती दिव्याची तयारी करत होती. पुढे भाचीने दिवा कायमचा बंद केला, तर अंधारातही ते दोन उंचवटे रोज जवळपास चोवीस तासांनी येतच राहिले.

हे ज्ञान तसं आपल्या अंगणातलं आहे. संध्याकाळी चिंचेची पानं तोडायला गेलं की आजी ओरडायची, झाड झोपलंय, हात लावू नको. चिंच, शिरीष, लाजाळू यांची पानं रात्री मिटतात. १७२९ मध्ये द मेरान नावाच्या फ्रेंच माणसाने लाजाळूसारखं एक झाड अंधाऱ्या जागेत ठेवून पाहिलं, तर सूर्य न दिसताही पानं वेळेवर उघडत होती आणि वेळेवर मिटत होती. पण झाडाच्या आत नेमकं काय चालतं हे कळायला अडीचशे वर्षं आणि ही माशी लागली.

१९७१ मध्ये अमेरिकेत रॉन कोनोप्का हा विद्यार्थी आणि त्याचे गुरू सेमूर बेन्झर यांनी तीन वेगळ्या माश्या शोधल्या. एकीचा दिवस १९ तासांचा, एकीचा २८ तासांचा, आणि तिसरीला दिवसच नाही, कधीही झोपणार, कधीही उठणार. गंमत अशी की तिन्ही बिघाड एकाच जनुकात निघाले. त्या जनुकाला नाव दिलं पीरियड. पुढे हे जनुक कसं चालतं ते उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.

चालतं कसं, तर आपल्या स्वयंपाकघरासारखं. समजा आई भाकरी थापतेय आणि टोपलीत टाकतेय. टोपली भरली की ती परात बाजूला सारते. घरचे जेवतात, टोपली रिकामी होत जाते. तळ दिसायला लागला की परत पीठ मळायला घेतलं. पेशीत पीरियड जनुकापासून एक प्रथिन बनतं, ते साठत जातं, टाइमलेस नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या सोबतीने केंद्रकात शिरतं आणि स्वतःच्याच जनुकाला म्हणतं, आता पुरे. निर्मिती थांबते. साठलेलं प्रथिन हळूहळू मोडत जातं, आणि ते संपलं की जनुक पुन्हा चालू. या एका फेरीला लागतात साधारण चोवीस तास. साधारण, बरं का. बरोबर चोवीस नाही. म्हणून रोज ते घड्याळ जुळवावं लागतं, आणि जुळवतो प्रकाश. माशीच्या पेशींत क्रिप्टोक्रोम नावाचं निळा प्रकाश ओळखणारं प्रथिन असतं. प्रकाश पडला की ते टाइमलेसला मोडीत काढतं. म्हणजे उजाडलं की टोपली कुणीतरी झटकून रिकामी केली, असं समजा.

आता मी येते डोळ्याकडे, कारण भाचीचा विषय तो होता.

माशीच्या एका डोळ्यात साडेसातशे ते आठशे बारीक डोळे असतात, मधमाशीच्या पोळ्यातल्या घरांसारखे. प्रत्येकात आठ प्रकाशपेशी. त्यांच्या मागे मेंदूचा पहिला थर असतो, जिथे डोळ्याने पाहिलेलं पहिल्यांदा पुढच्या पेशींच्या हाती दिलं जातं. तिथे दोन प्रकारच्या मुख्य पेशी आहेत, एल-वन आणि एल-टू. पोलंडमधल्या क्राकोच्या एल्झबिएटा पिझा आणि कॅनडातले इयान माइनर्टझहागन यांनी १९९० च्या दशकात या पेशींचे वेगवेगळ्या वेळचे काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजमाप केलं. तर या पेशींचे तंतू दिवसभरात जाड-बारीक होतात! घरातल्या साध्या माशीत ते दिवसा फुगतात, रात्री आकसतात. आपल्या या छोट्या माशीत ते दोनदा जाड होतात, दिवसाच्या सुरुवातीला आणि रात्रीच्या सुरुवातीला. म्हणजे माझ्या आलेखात जिथे दोन उंचवटे होते, तिथेच. अंधारात ठेवलं तरी हे चालू राहतं. पीरियड जनुक बिघडलेल्या माशीत मात्र हा ताल दिसत नाही.

मला हे वाचून बसल्या जागी घाम फुटायचा राहिला. आम्ही यंत्रात तारा टाकतो त्या टाकल्या तशाच राहतात. सकाळी केबल जाड होते आणि दुपारी बारीक, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं. इथे डोळा स्वतःच दिवसातून दोनदा स्वतःला बदलून घेतो. झुंजूमुंजू होताना आणि दिवेलागणीला उजेड झपाट्याने बदलतो, आणि माशीची सगळी धावपळ, खाणं, जोडीदार शोधणं, त्याच वेळात असतं. त्या गर्दीच्या वेळेसाठी डोळा आधीच सज्ज होऊन बसतो. आपण शाळेत शिकलो की डोळा म्हणजे कॅमेरा. कॅमेऱ्याला किती वाजले याच्याशी काही देणंघेणं नसतं.

हे वेळापत्रक डोळ्याला सांगतं कोण? माशीच्या मेंदूत सुमारे १ लाख ४० हजार पेशी असतात, त्यातल्या शे-दोनशेच घड्याळाच्या. त्यातही दोन्ही बाजूंच्या मिळून सोळा पेशी पीडीएफ नावाचं एक रसायन सोडतात, आणि त्यांतल्या काहींचे फाटे थेट दृष्टीच्या भागात पसरलेले आहेत. (आमच्यातल्यांना हसू येईल, पण या पीडीएफचा फाईलशी काही संबंध नाही.) तेव्हा मला वाटलं, हे तर आमचंच आहे. मोठ्या कंपनीत हजार सर्व्हर असतात, प्रत्येकाचं स्वतःचं घड्याळ असतं, आणि प्रत्येक घड्याळ दिवसाला थोडं पुढे-मागे सरकतं. म्हणून एक मुख्य घड्याळ ठेवून बाकीच्यांना त्याच्याशी जुळवतात. नाही तर एका यंत्राच्या मते पैसे आधी जमा होतात आणि दुसऱ्याच्या मते आधी काढले जातात.

पण भाचीने ही उपमा मोडून टाकली. तिने मला १९९७ चा एक प्रयोग सांगितला. शास्त्रज्ञांनी काजव्याला चमकवणारं जनुक माशीच्या पीरियड जनुकाला जोडलं. आता घड्याळ चालू असलेली प्रत्येक पेशी मंद चमकणार. मग माशीचे भाग वेगळे केले, डोकं, छाती, पोट, आणि काचेच्या बशीत ठेवले. प्रत्येक भाग आपापला चोवीस तासांच्या तालावर चमकत-मावळत राहिला. आणि बशीवरच्या दिव्याची वेळ बदलली की त्या तुकड्याने मुख्य मेंदूला न विचारता स्वतःचं घड्याळ जुळवून घेतलं! तर डोळ्याकडे स्वतःचं घड्याळ आहे, ते स्वतः उजेड पाहून चालतं, आणि वर मेंदूकडूनही निरोप येतो. आमच्या सर्व्हरला ही मुभा नाही.

आणि ही माशी आंधळी केली तर? डोळे नसलेली माशीसुद्धा दिवस-रात्र ओळखते, कारण क्रिप्टोक्रोम पेशींतच आहे आणि इतक्या लहान अंगातून उजेड आत जातो. शिवाय मोठ्या डोळ्यांच्या मागे तिला आणखी एक लहानसं प्रकाशेंद्रिय असतं. जर्मनीतल्या शार्लोट हेल्फ्रिश-फर्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे सगळे दरवाजे एकदम बंद केलेली माशी तपासली. तेव्हा कुठे ती दिव्याच्या चक्राला दाद देईनाशी झाली. खायची, फिरायची, पण तिची वेळ बाहेरच्या वेळेशी जुळेना.

आपलं तसं नाही. माणसाच्या अंगातून मेंदूपर्यंत उजेड जात नाही. आपल्याला दरवाजा एकच, डोळा. पण डोळ्यातही पाहायच्या पेशी वेगळ्या आणि वेळ सांगायच्या वेगळ्या. २००२ च्या सुमारास हे नीट सिद्ध झालं की पडद्यात काही मोजक्या पेशी मेलॅनॉप्सिन नावाच्या रंगद्रव्याने थेट उजेड मोजतात आणि मेंदूतल्या मुख्य घड्याळाला कळवतात. म्हणून काही अंध माणसांना काहीच दिसत नसूनही त्यांचं शरीर सकाळ ओळखतं. आणि ज्यांच्या या पेशीही गेल्या, त्यांची झोप रोज थोडी थोडी सरकत जाते, काही आठवडे रात्री लागते, काही आठवडे दिवसा. घरच्यांना वाटतं आळस आहे. तो आळस नसतो.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिका, पोलंड, जर्मनीत. म्हणून मुद्दाम आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं सांगते. अहमदनगर कॉलेज, आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, तिथल्या प्राणिशास्त्र विभागात डॉ. डी. एस. जोशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं माश्यांच्या घड्याळावर काम केलं. गोऱ्या साहेबांच्या देशातली नव्हे, ड्रोसोफिला अननासी ही आपल्याकडची जात. नावातच अननस आहे. त्यांनी या जातीचे हिमालयातले वाण घेतले, बद्रीनाथच्या उंचीवरचे. आणि कोशातून माशी बाहेर पडायची वेळ मोजली.

इथे ते दवाचं नाव परत येतं. अळीचा कोश होतो आणि कोशातून माशी निघते ती पहाटेच्या सुमारास. नवी माशी फिकट, पंख चुरगळलेले, अंग ओलसर. कोरड्या उन्हात निघाली तर पंख उलगडायच्या आधीच सुकून जाईल. म्हणून हवेत दमटपणा असताना निघायचं. हे सगळं घड्याळावर चालतं.

नगरच्या लोकांना २००२ आणि २००४ मधल्या शोधनिबंधांत दिसलं ते असं. बद्रीनाथच्या माशीला २१ अंशांवर ठेवलं तर ती दिवा-अंधार नीट पाळते, वेळेवर निघते. १३ किंवा १७ अंशांवर ठेवलं की काही ताल नाही, कधीही निघते. मग त्यांनी उजेडाचे तास बदलून पाहिले, सहा तासांपासून अठरा तासांपर्यंत. उजेडाची तीव्रता बदलली, ०.१ लक्सपासून १००० लक्सपर्यंत. थंडीत काही म्हणजे काही फरक पडला नाही. म्हणजे त्या उंचीवरच्या माशीने उजेडापेक्षा उबेवर जास्त भरवसा ठेवलेला आहे. विचार केला तर शहाणपणाचं आहे. तिथला उजेड आपल्यासारखाच लख्ख, पण हवा बर्फाची. उजाडलं म्हणून बाहेर पडलं तर मरण. मला या कामाबद्दल आदर वाटतो तो एवढ्यासाठी, की त्याला अब्जावधींची यंत्रं लागली नाहीत. लागल्या त्या बाटल्या, दिवे, तापमान धरून ठेवणारी कपाटं, आणि दिवस-रात्र ठरलेल्या वेळी माश्या मोजणारी माणसं.

दुसरं काम बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातलं. तिथे शीबा वासू, विजय कुमार शर्मा, एम. के. चंद्रशेखरन आणि अमिताभ जोशी यांनी १९९९ मध्ये एक निष्कर्ष छापला. तिथे माश्यांचा एक समूह सहाशेहून जास्त पिढ्या सतत उजेडात वाढला होता. रात्र नावाची गोष्ट सहाशे पिढ्यांत कुणी पाहिलेली नाही. तरीही त्यांच्यात कोशातून निघण्याचा दैनिक ताल शाबूत होता. माणसाच्या सहाशे पिढ्या म्हणजे पंधरा हजार वर्षं झाली. विजेचा दिवा येऊन आपल्याला सहा-सात पिढ्यासुद्धा झाल्या नाहीत.

हा आकडा ऐकल्यावर मला माझा भाऊ आठवला. म्हणजे त्याच माश्या मोजणाऱ्या मुलीचा बाप. आपल्याकडे शेतीपंपाला थ्री-फेज वीज पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. कांद्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर जानेवारीच्या थंडीत रात्री दारं धरायला जायचं. साप-विंचवाचं आपण बोलतो, कारण ते दिसतं. पण एक आठवडा रात्री जागायचं, दुसऱ्या आठवड्यात दिवसा, याचा हिशोब आपण कधी केलेला नाही. शरीराचं घड्याळ सरकायला साधारण एका तासाला एक दिवस लागतो. अमेरिकेहून आलेल्या माणसाला आपण म्हणतो, जेट लॅग आहे, झोपू द्या त्याला. बारा-साडेबारा तासांचा फरक असतो, आठ-दहा दिवस त्याचं काही खरं नसतं. माझा भाऊ आजवर विमानात बसलेला नाही. पण रब्बीत तो दर पंधरवड्याला अमेरिकेला जाऊन परत येतो, आणि त्याला कुणी झोपू देत नाही. शरीर रात्रीला जुळायला लागतं, तोवर आठवडा बदललेला असतो.

मीही काही वर्षं रात्रीचं काम केलं. आमचे ग्राहक तिकडचे, त्यामुळे बैठका रात्री दहा ते दोन. मला मात्र ऑफिसची गाडी होती, पगार होता, आणि दोन वर्षांनी दिवसपाळी मागायची सोय होती. या सभागृहात दवाखान्यात नर्स असलेल्या दोघी आहेत, पोलिसात असलेले तिघे आहेत, वाळूजला कंपनीत तिन्ही पाळ्या करणारे तर एक अख्खा बाक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलं. रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळतो, असं कितीतरी अभ्यास सांगतात. घाबरवायला सांगत नाही. रात्रपाळी कुणीतरी करणारच, नाही तर दवाखाने बंद पडतील. पण पिकाला पाणी रात्रीच द्यायला हवं, असं पिकाने कधी सांगितलेलं नाही. ते विजेच्या वाटपाचं गणित आहे, आणि गणित बदलता येतं. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. आपण तिच्याकडे बिलाच्या आणि सोयीच्या नजरेने पाहतो. मी म्हणते, गावाच्या बैठकीत तिचा विषय निघेल तेव्हा तब्येतीच्या नजरेनेही पाहा, आणि तसं अर्जात लिहा.

शाळेत उभी आहे म्हणून एक शाळेचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. चांगलं केलं. पण घड्याळाचा अभ्यास करणारे उलट सांगतात, उशिराकडे झुकतं ते वयात येणाऱ्या मुलांचं घड्याळ. नववी-दहावीच्या पोराला रात्री अकराला झोप येत नाही, सकाळी उठवत नाही. यात थोडा मोबाइल असतो, नाही म्हणत नाही, कारण रात्री डोळ्यांवर पडणारा उजेड घड्याळ मागे ढकलतोच. पण थोडं वयसुद्धा असतं. आपल्या वेळी सकाळच्या तासाला डुलक्या घेणाऱ्यांना खडू फेकून मारायचे. सर इथे बसलेत, नाव घेत नाही, नेम फार चांगला होता. ज्येष्ठ वर्गांच्या वेळेचा विचार करताना शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावं, एवढी विनंती. एसटीच्या वेळा आड येतात हे मला माहीत आहे. मीही त्याच एसटीने आलेली आहे.

आता शेवटचं, आणि हे कामाचं. मी आणि भाचीने शाळेच्या प्रयोगशाळेसाठी दोन पेट्या बनवून आणल्या आहेत. लाकडी, आतून काळ्या, झाकणाला फट नाही. प्रत्येकीत एक छोटा एलईडी दिवा आणि बाहेर टायमरचं सॉकेट. सोबत बाटल्या आणि कापूस. केळी तुमची. पिकलेलं केळं बाटलीत घालून खिडकीत उघडी ठेवा, दोन दिवसांत माश्या येतात. मग कापसाने बंद करा. अंड्यापासून माशी व्हायला साधारण दहा-बारा दिवस.

अडचण अशी की माश्या निघतात पहाटे, आणि तेव्हा शाळा बंद. म्हणून पहाटच हलवली आहे. पहिल्या पेटीत दिवा लागेल सकाळी अकराला, विझेल रात्री अकराला. त्या माश्यांची पहाट अकराला होईल, आणि नववीचा वर्ग मधल्या सुट्टीत मोजू शकेल. दुसऱ्या पेटीत दिवा लागेल दुपारी तीनला. दोन पेट्या का, हे मुलांना आधी सांगू नका, त्यांना विचारा. दोन्हीतल्या माश्या एकाच वेळी निघाल्या तर त्या खोलीच्या उबेवर चालल्या, आणि चार तासांच्या अंतराने निघाल्या तर दिव्यावर. प्रयोग पावसाळ्यात करा, तेव्हा दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक नसतो. थंडीत केलात तर बद्रीनाथसारखा घोटाळा व्हायचा. दिवा लागण्याआधी डोकवायचंच असेल तर टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद बांधा, लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही. दर तासाला नव्या माश्या मोजायच्या, वहीत लिहायच्या आणि मोजलेल्या सोडून द्यायच्या. आकडे भाचीला पाठवा, आलेख मी काढून देईन. पेट्यांच्या चाव्या विज्ञानाच्या बाईंकडे दिल्या आहेत.